गाण्यातली ती

"पण खरं सांगा, या गाण्यातली 'ती' आहे तरी कोण?" निवेदिकेने विचारलं, तेव्हा भोंग्याने नेहमीचं हसू चेहऱ्यावर आणलं आणि नेहमीचं उत्तर दिलं, "आहे कुणीतरी." हे उत्तर त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की देताना आपण तोंड उघडलं हेही त्याला जाणवत नसे. वर्तमानपत्रवाल्यांना त्याने हेच सांगितलं होतं, लग्नाच्या हॉलमध्ये हात धरून विचारणाऱ्या नव्या नवरीलाही हेच, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस आपल्याला काही गुपित कळल्यासारखा खूश होऊन गेला होता. ही बाई मात्र मुरलेली होती. "बरं, नाव नका सांगू," ती म्हणाली, "पण तिला तरी माहीत आहे का, हे गाणं तिच्यावर आहे म्हणून?" हे भोंग्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे भर रस्त्यात धोतर सुटण्यासारखं, पण निवेदिकेने ते हसण्यावारी नेलं. "बघा, लाजले! चला, त्यांना विचार करायला वेळ देऊ या. तोवर ऐकू या, 'शेजाऱ्यांची तक्रार' या बँडचं सगळ्यांना वेड लावणारं गाणं, 'तू बोल'." लाल दिवा विझला. ती पाण्याची बाटली उघडत म्हणाली, "गाणं संपलं की हाच प्रश्न परत विचारणार हं मी," आणि त्याच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये गिटारचा पहिला सूर उमटला.

शेजारी बसलेल्या मावसबहिणीने एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला. बँडमध्ये ड्रम ती वाजवायची. लहानपणी मावशीच्या घरची सगळी पातेली तिने उपडी घालून बडवली होती आणि मोठेपणी तोच धंदा पत्करला होता. "भोंग्या, सांगून टाक की," ती म्हणाली. "आणि त्यांना आवडलं नाही तर?" त्याने विचारलं. तिने खांदे उडवले. "इतके दिवस न सांगता तरी तुला कुठे चैन पडलंय?" ते खरंच होतं. गाणं जसजसं पसरत गेलं तसतशी त्याच्या आत कुठेतरी एक बारीक कुसळ टोचत राहिलं होतं. लिफ्टमध्ये ते वाजायचं, दातांच्या दवाखान्यात वाजायचं, एका गादीच्या जाहिरातीतसुद्धा वाजलं होतं, आणि दर वेळी त्याला वाटायचं, कुणीतरी विश्वासाने आपल्या हाती ठेवलेली वस्तू आपण चौकात नेऊन मांडली आहे. त्या माणसाने ती आपल्या हाती ठेवली ती आपण मुके होतो म्हणून. मुक्याच्या पोटात गोष्ट राहते, एवढ्या भरवशावर.

तो मुका झाला होता ही खरी गोष्ट होती. भोंगा हे नावच त्याला पडलं ते आवाजामुळे. कॉलेजच्या गच्चीवर बँडची पहिली तालीम झाली तेव्हा त्याने अशी काही किंकाळी फोडली की खालचा पहारेकरी काठी घेऊन वर आला. पुढे प्रत्येक घरमालकाकडे कुणी ना कुणी गाऱ्हाणं घेऊन जायचंच, म्हणून बँडचं नावही तेच ठेवलं. लोक त्यांना ऐकायला यायचे ते कानठळ्या बसवून घ्यायला. गाण्यातले शब्द कुणाला कळत नसत, खुद्द गिटारवाल्यालाही नाही, आणि भोंग्याला त्यातच एक प्रकारचं सुख होतं. ओरडताना काहीही सांगावं लागत नाही. मग एक दिवस वरचा सूर लावता लावता घशात काहीतरी उसवल्यासारखं झालं आणि आवाजाच्या जागी नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, स्वरतंतूवर गाठ निघाली, ऑपरेशन झालं. तो शुद्धीवर आल्यावर त्या त्याच्यावर वाकून म्हणाल्या, "आता मी सांगेपर्यंत एक शब्दही नाही. खोकायचं नाही, खाकरायचं नाही. आणि कुजबुज तर मुळीच नाही, ती बोलण्यापेक्षा वाईट. आवाज परत येईल, पण कसा येईल ते मी आज सांगू शकत नाही." तो ज्या खोलीत राहत होता तिथे सगळा बँडच पडीक असायचा. तिथे गप्प राहणं अशक्य. तेव्हा मावसबहिणीने त्याची पिशवी भरली आणि म्हणाली, "चल, तुला काकांकडे सोडते. त्या घरात बोलायची वेळच येत नाही."

काका म्हणजे त्याच्या आईचा दुसरा नवरा. आईने लग्न केलं तेव्हा तो शाळकरी होता, आणि घरात आलेल्या या उंच, वाकून चालणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हा प्रश्न आईनेच सोडवला होता, "काका म्हण." तो काका म्हणू लागला आणि तुम्ही म्हणू लागला, आणि तिथेच ते दोघं थांबले. भांडण नव्हतं, राग नव्हता. मधे आई होती, ती दोघांचं एकमेकांना सांगायची. "त्याला नवे बूट हवेत." "काका विचारतायत, परीक्षा कधी आहे." आई गेली तेव्हा जणू टेलिफोनची तारच तुटली. तो अधूनमधून भेटायला जायचा, काका चहा टाकायचे, दोघं कपातल्या चहाकडे बघत बसायचे, मग काका म्हणायचे, "बरं चाललंय ना?" आणि तो म्हणायचा, "हो, तुमचं?" ते म्हणायचे, "आपलं काय, चाललंय," आणि भेट संपायची. काका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात होते. तळघरात त्यांची ती प्रचंड यंत्रं, वाफ, ओल्या चादरींच्या ढकलगाड्या. आयुष्यभर त्या गडगडाटात राहिलेला माणूस घरी आल्यावर गप्प बसतो यात भोंग्याला कधी नवल वाटलं नव्हतं. आपलं गाणं काकांनी एकदा ऐकलं होतं. यंत्रासारखं वाटतं, एवढंच म्हणाले होते. ते कौतुक होतं की काय, ते त्याने विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी घर खरोखरच मुकं होतं. काकांनी मऊ खिमट भात केला, थंड करून समोर ठेवला, त्याने मान हलवून खाल्ला. पुढच्या दिवशी ते कामावरून आले, पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि गॅसकडे तोंड करूनच म्हणाले, "आज एका चादरीत कवळी निघाली." भोंगा दचकला. आपल्याशीच बोलताहेत हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला. "वरची," काका म्हणाले. "मग ती धुवून घेतली आणि निघालो. प्रत्येक वॉर्डात जाऊन विचारणार कसं? आजोबा, तोंड उघडा? शेवटी एक म्हातारे भेटले, त्यांनी जेवण परत पाठवलं होतं, नर्सबाईंना वाटत होतं रुसलेत." आणि ते हसले. पाठमोरे होते म्हणून त्यांचे फक्त खांदे हलले. भोंग्याला हसू आलं, पण हसणंही मना होतं, त्याने उशी तोंडावर दाबली. काकांनी वळून पाहिलं, घाबरून म्हणाले, "हसू नकोस, हसू नकोस," आणि चहा गाळायचं विसरून तसेच उभे राहिले.

मग ते रोज बोलू लागले. चादरींत काय काय निघतं ते सांगत. चष्मे, नाणी, देवाचे टाक, एकदा जिवंत कासव, कुण्या रोग्याच्या नातवाने आजीला सोबत म्हणून आणलेलं. मग यंत्रांविषयी सांगू लागले, मग आपल्या लहानपणाविषयी, आपल्या बापाविषयी, ज्याने त्यांना एकदाही नावाने हाक मारली नव्हती. भोंगा ऐकत असे. ऐकताना त्याला पहिल्यांदा कळलं की तो आजवर ऐकतच नव्हता, समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट बघत होता. आता वाट बघून उपयोग नव्हता, म्हणून काकांचा आवाज थेट आत येई. तो आवाज चांगला होता. खर्जातला, थोडा घासलेला, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. बोलता बोलता काका वाळलेल्या चादरी काढत आणि त्यांतली दोन टोकं त्याच्या हातात देत. इस्पितळात चादर नेहमी दोघं मिळून घडी करतात, एकट्याने केली की चुण्या पडतात, म्हणे. दोघांनी चादर ताणायची, एकदा झटकायची, मग पावलं टाकत एकमेकांकडे यायचं, टोकाला टोक मिळवायचं, बोटाला बोट लागायचं, आणि परत मागे जायचं. काकांची एक चाल होती त्यात. घाई नाही, रेंगाळणं नाही. भोंग्याचे पाय, जे आजवर फक्त धडधडाटावर हलले होते, ते त्या चालीत पडले. आईच्या जाण्यानंतर या माणसाची बोटं आपल्याला पहिल्यांदाच लागताहेत असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, आई असताना तरी कधी लागली होती?

हेडफोनमध्ये आता त्याचाच आवाज सुरू झाला होता. नवा आवाज, वर न जाणारा, कडा झिजलेला.

तू बोल, मी आहे इथे,
तू बोल, दार लोटलेलं.
मोठ्यांचं काही धुता धुता
माझ्या मापाचं झालेलं.

या शेवटच्या दोन ओळींवर लोकांनी काय काय अर्थ लादले होते. एका समीक्षकाने लिहिलं होतं की जुन्या पिढीच्या प्रेमाच्या कल्पना धुऊन काढल्यावर आजच्या प्रियकराच्या हाती जे उरतं ते यात आहे. वाचून मावसबहीण एवढी हसली की तिला ठसका लागला. कारण त्या ओळींत एक स्वेटर होता. खराखुरा, निळा, लोकरीचा.

त्या दिवशी सुट्टी होती. सकाळचं ऊन खिडकीतून थेट जमिनीवर आलं होतं आणि काका चादरीचं आपलं टोक धरून मधेच थांबले होते. "तुझी आई मला पहिल्यांदा भेटली ती भांडायला आली होती," ते म्हणाले. "तुझे वडील गेले त्यानंतर. त्यांच्या अंगावरचा स्वेटर चादरींबरोबर खाली धुवायला गेला होता. ती खाली तळघरात आली आणि म्हणाली, माणूस तर दिला नाहीत, त्याचा स्वेटर तरी द्या. मी सगळे गठ्ठे उपसले. सापडला. पण उकळत्या पाण्यात निघाला होता रे तो. लोकरीचं काय होतं ठाऊक आहे ना? आटून आटून एवढासा झालेला. मला वाटलं, हा आता हिच्या हातात कसा द्यायचा? लपवावा का? म्हणावं का, सापडत नाही? पण दिला. तिने तो उलगडून धरला, बघितला. आणि हसली. हसता हसता खालीच बसली. म्हणाली, माझ्या मुलाला बरोबर होईल." चादर दोघांच्या मधे लोंबत होती. "तू घालायचास ना तो, निळा. जाड, पुठ्ठ्यासारखा. पावसाचं पाणीसुद्धा आत जायचं नाही. तो तुझ्या वडिलांचा. आई म्हणायची, मोठा झाला की सांगू. मग ती गेली आणि सांगायचं माझ्याकडे राहिलं. खूपदा ओठांवर आलं. पण तू मधेच काहीतरी विचारशील आणि मला उत्तर येणार नाही, असं वाटायचं. आता तू विचारू शकत नाहीस, म्हणून."

तो स्वेटर भोंग्याला आठवत होता. बाह्या रुंद आणि आखूड, गळ्याशी टोचणारा, शाळेत मुलं त्याला गोधडी म्हणून चिडवायची. त्याने तो बाही फाटेपर्यंत वापरला होता आणि त्याला कायम वाटत आलं होतं की तो आईने कुठूनतरी स्वस्तात आणलेला. वडिलांचा चेहरा त्याला आठवत नव्हता. इस्पितळातला बाक आठवत होता, त्याचं थंड लोखंड, आणि लांबून येणारा गडगडाट, जो खालच्या यंत्रांचा होता हे त्याला आत्ता, या क्षणी कळत होतं. म्हणजे वडील वर असताना हा माणूस खाली होता. भोंगा सगळे हिवाळे वडिलांच्या अंगावरच्या लोकरीत राहिला होता, आणि ती त्याच्या मापाची झाली ती या माणसाच्या हातून झालेल्या चुकीने. चूक तरी कसं म्हणायचं तिला? तो रडू लागला. आवाज न करता रडायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. छाती भरून यायची आणि घसा आवळून धरायचा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, रडू नकोस, घशाला ताण येईल, बाईंनी सांगितलंय ना," ते म्हणत राहिले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी हातातल्या चादरीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले. चादर उन्हात वाळलेली होती, कडक, तिला साबणाचा वास होता. मग दोघांनी ती घडी घातली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा जो आवाज आला तो भोंग्याचा नव्हताच. किंकाळी कायमची गेली होती. गिटारवाला तोंड पाडून बसला, ठरलेले कार्यक्रम एकेक करून सुटत गेले, बँड मोडायचं बोलणंही झालं. एका दुपारी भोंग्याने नुसतं गुणगुणून दाखवलं, चादरीच्या चालीत. मावसबहिणीने काठ्या खाली ठेवल्या आणि मांड्यांवर तळव्यांनी ताल धरला, मग हलकेच ड्रमच्या कातड्यावर. "हे काय आहे?" तिने विचारलं. त्याने सांगितलं, सगळं, तिला एकटीला. त्याचे मूळ शब्द होते, 'तुम्ही बोला'. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि नाक मुरडलं. "तुम्ही बोला काय? बँकेत नंबर आल्यासारखं वाटतंय. तू कर." "मी काकांना कधी अरेतुरे केलेलं नाही," तो म्हणाला. "मग इथे कर," ती म्हणाली. "इथे कोण बघतंय?" आणि त्या एका 'तू'मुळे काकांची प्रेयसी झाली. पण गाताना, बंद काचेमागे, पहिल्यांदा तो 'तू' तोंडातून गेला तेव्हा त्याला जे वाटलं ते त्याने तिलाही सांगितलं नाही. वयाने वाढलेल्या माणसाला कुणाच्या तरी कडेवर बसल्यासारखं वाटलं होतं.

काकांना त्याने तबकडी नेऊन दिली. त्यांनी ती ऐकली, म्हणाले, "यातले शब्द ऐकू येतात," आणि चहा टाकायला उठले. त्यांनी स्वेटर ओळखला की नाही? ओळखून गप्प बसले? रागावले? तो विचारू शकला नाही. आता त्याला बोलता येत होतं, म्हणून परत दोघं कपाकडे बघत बसू लागले होते. पण ते बसणं पहिल्यासारखं नव्हतं. आता काका मधेच म्हणायचे, "आज एक चष्मा," आणि तो म्हणायचा, "जवळचा की लांबचा?" आणि तेवढ्यावर एक संध्याकाळ निघायची. आपल्याला कुणाचे आभार मानायचे आहेत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. फक्त तोंडावर मानायला गेलं तर ते गृहस्थ स्टूलखाली जाऊन लपतील अशी परिस्थिती होती.

गिटारचा शेवटचा सूर लांबत चालला. निवेदिकेने बोट वर केलं. भोंग्याला वाटलं, माझ्या वडिलांवर, एवढंच म्हणावं. मग वाटलं, आपण कोण ठरवणार? ज्यांचा स्वेटर होता ते वडील, आणि काकांनी तर कधी तो हक्क सांगितला नाही, मग त्यांना न विचारता सगळ्या गावासमोर 'वडील' हा शब्द त्यांच्या गळ्यात कसा घालायचा? लाल दिवा लागला. "तर?" निवेदिका म्हणाली. "ती नाही, ते आहेत," भोंगा म्हणाला. "माझे सावत्र वडील. माझा आवाज बंद होता तेव्हा ते माझ्याशी बोलले. त्याआधी बोलत नसत. मी त्यांचे आभार मानले नाहीत अजून, म्हणून इथे मानतो." निवेदिकेने डोळे टिपले आणि हवामानाचा अंदाज लावून दिला.

दुपारी तो काकांकडे गेला. शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यासारखा तो जिना चढला. काका नुकतेच कामावरून आले होते, एक मोजा काढलेला, दुसरा पायात. "ऐकलं," ते म्हणाले. भोंगा दारातच उभा राहिला. "आमच्याकडे इस्त्रीच्या रोलरवर एक बाई आहेत, त्यांनी मोठ्याने लावलं होतं. तुझं नाव सांगितलं तशी त्यांनी यंत्रंच बंद करायला लावली. सगळी. वरून नर्सबाई धावत आल्या, काय झालं म्हणून." त्यांनी दुसरा मोजा काढला, दोन्ही मोजे एकात एक गुंडाळले, परत सोडले. "छान झालं," ते म्हणाले. "गाणं मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. स्वेटर आहे त्यात." भोंग्याच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. "मग बोलला नाहीत ते?" "तू गातोस ते काय कमी आहे?" काका म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. जरा तक्रारीचा झाला. "पण ते सावत्र कशाला घातलंस मधे?"

"खरं तेच..." भोंगा म्हणाला.

"खरं आहे रे. पण मी तिथे सगळ्यांना इतकी वर्षं माझा मुलगा, माझा मुलगा असंच सांगत आलोय. तुझा फोटोसुद्धा लावलाय कपाटाच्या दाराला. तो बघून रोलरवरच्या बाई म्हणाल्या होत्या, नाक अगदी तुमच्यावर गेलंय. मीही हो म्हणालो. आता आज सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नाक चोरलं."

भोंग्याला हसू फुटलं. आता हसायला बंदी नव्हती, आणि तो दाराला टेकून, डोळे पुसत, त्या झिजलेल्या आवाजात हसत राहिला. काकाही हसले, या वेळी समोर तोंड करून. "चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नाही म्हणणार."

"पुढची वेळ कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या केंद्रावर बोलावलंय."

"मग तिथे नीट सांग," काका म्हणाले, आणि चहाचं पातेलं नळाखाली धरता धरता त्यांनी मान वळवली. "किती वाजता असतं ते? आमच्या लोकांना सांगून ठेवायला हवं."